रेकंबंट सायकलची चेन सारखी पडते, घरघरते: तपासणी कुठून सुरू करायची

घरी बांधलेल्या रेकंबंट (पाठ टेकून, पाय पुढे करून चालवायच्या) सायकलची सीट आणि स्टिअरिंग एकदा जमलं की सहसा पुन्हा त्रास देत नाही. चेन मात्र देते. साध्या सायकलला चेनव्हीलपासून फ्रीव्हीलपर्यंतचं अंतर जेमतेम हातभर असतं. इथे पेडल पुढच्या चाकाच्याही पुढे असतात आणि चेन सीटखालून, आयडलरवरून (चेनला वाटेत आधार देणारं, वळवणारं मोकळं चक्र), कधी नळीतून मागे जाते. सगळा फेर सव्वातीन मीटरच्या आसपास भरतो, म्हणजे सुमारे २६० कड्या. दुकानात मिळणारी एक चेन ११४-११६ कड्यांची असते, म्हणून अशी चेन दोन-तीन तुकडे जोडूनच तयार होते. प्रत्येक जोड आणि वाटेतला प्रत्येक आधार ही बिघडण्याची एकेक जागा असते.

खाली गृहीत धरलेली सायकल अशी आहे: मागच्या चाकावर जोर, पुढे मागे सरकणारा बूम (पेडल धरणारा पुढचा पाइप), मागे सात गिअरचं फ्रीव्हील आणि डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा, स्प्रिंगने ताणून धरणारा हात), ताणाच्या बाजूला, म्हणजे जोर लावल्यावर चेनव्हील ओढतं त्या बाजूला, एक दातेरी आयडलर. परतीच्या बाजूला दुसरा आयडलर किंवा नळी. तुमच्या सायकलचे आकडे थोडे वेगळे असतील, पण तपासणीचा क्रम तोच राहील.

सगळ्यात आधी एक गोष्ट. चेन जिथे पडते तिथे दोष क्वचितच असतो. दातांवर चढताना चेन कुठल्या दिशेने येते, यावर ती टिकते की पडते हे ठरतं. ती दिशा आधीच्या आधाराने दिलेली असते. चेन पुढून पडत असेल तर ताणाचा आयडलर बघायचा, पेडल उलटं फिरवताना पडत असेल तर परतीचा. मागे उड्या मारत असेल तर परतीची बाजू बघायची. डिरेलरचे स्क्रू लगेच फिरवायला घेऊ नका. चेन सर्वांत मोठ्या चक्रावरून स्पोकमध्ये किंवा सर्वांत लहानावरून बाहेर जात असेल तरच त्या स्क्रूंचा संबंध असतो. नाहीतर मूळ दोष राहतो आणि बरा लागलेला गिअर बिघडतो.

लक्षणं

- खड्ड्यातून जाताना किंवा पेडल उलटं फिरवताना चेन पुढच्या चेनव्हीलवरून पडते.
- उभ्या जागेवरून किंवा चढावर जोर लावला की चेन आयडलरवरून निसटते.
- जोर लावल्यावरच घरघर येते, पेडल उलटं फिरवताना येत नाही.
- ठरावीक अंतराने ‘टक’ आवाज येतो.
- जोर लावला की मागे चेन दातांवरून घसरते आणि पाय एकदम पुढे जातो.
- चालक बदलला, बूम पुढे-मागे केला आणि तेव्हापासून त्रास सुरू झाला.

कुठलं लक्षण आहे आणि चेन आत पडते की बाहेर, हे कागदावर लिहून ठेवा. नेहमी एकाच बाजूला पडत असेल तर काहीतरी तिरकं आहे. दोन्हीकडे पडत असेल तर बहुधा चेन सैल आहे किंवा काहीतरी हलतं आहे.

‘टक’ मोजा (खर्च शून्य)

मागचं चाक उचलून सायकल स्टँडवर घ्या, पेडल हाताने सावकाश फिरवा आणि दोन आवाजांमध्ये पेडलच्या किती फेऱ्या होतात ते मोजा. चेन फिरत असताना बोटं दातांपासून लांब ठेवा. ४२ दातांचं चेनव्हील आणि २६० कड्यांची चेन असेल तर एक कडी पुन्हा त्याच जागी यायला सहा फेऱ्यांहून थोडं जास्त लागतं. सहा फेऱ्यांनी एकदा आवाज येत असेल तर एखादी कडी आखडली आहे किंवा जोडाची पिन बाहेर आली आहे. प्रत्येक फेरीला एकदा येत असेल तर दोष पेडल, क्रँक किंवा चेनव्हीलमध्ये शोधायचा. फेरीत जवळजवळ तीनदा येत असेल तर तो १५ दातांचा आयडलर आहे, कारण ४२ भागिले १५ म्हणजे २.८. या मोजणीने अर्धं काम होतं, म्हणून ती टाळू नका. आवाज फक्त वजन पडल्यावर येत असेल तर दुसऱ्याला सायकलवर बसवून, मागचा ब्रेक किंचित लावून मोजा.

जोड आणि कड्या

चेन रॉकेल किंवा डिझेलने पुसून घ्या. मातीखाली आखडलेली कडी दिसत नाही. मग परतीच्या बाजूची चेन सैल धरून एकेक कडी आयडलरवरून जाताना बघा. आखडलेली कडी सरळ होत नाही, कुबड काढून पुढे जाते. हाताने तिला दोन्ही बाजूंना थोडं वाकवलं की बहुतेकदा सुटते. जुनी पिन पुन्हा ठोकून केलेला जोड मात्र भरवशाचा नसतो. या चेनवर जोर मोठा येतो, तेव्हा प्रत्येक जोडाला चेनच्याच मापाची क्विक लिंक (पिन न ठोकता लावता येणारी जोडकडी) वापरा. तीन तुकड्यांना तीन लिंका, खर्च किरकोळ.

घरगुती बांधणीत हमखास सापडणारा दोष म्हणजे मिसळलेल्या चेन. साध्या सायकलची जाड चेन आतून १/८ इंच रुंद असते, गिअरची बारीक चेन ३/३२ इंच. जाड चेनचा एखादा तुकडा मध्ये आला तर तो डिरेलरच्या पिंजऱ्यात घासतो. उलट, भंगारातल्या साध्या सायकलच्या फ्रीव्हीलचं जाड चक्र आयडलर म्हणून लावलं असेल तर बारीक चेन त्याच्या दातात बसतच नाही, वरून चालते आणि थोडा धक्का बसला की उतरते. व्हर्निअरने दाताची जाडी मोजा. बारीक चेनला साधारण २.१ ते २.२ मिलिमीटर हवी. तीन मिलिमीटरच्या आसपास निघाली तर पुढचं काही तपासू नका, आधी ते चक्र बदला.

नव्या चेनला जुन्याचा तुकडा जोडणंही तितकंच वाईट. झिजलेल्या कड्यांचं अंतर वाढलेलं असतं, त्यामुळे एकाच दातावर कधी बरोबर तर कधी उंच बसणारी चेन तयार होते.

झीज

स्टीलची फूटपट्टी घ्या. नव्या चेनमध्ये पिनच्या मध्यापासून मोजलेल्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. त्या १२ इंच आणि अर्धा सूत, म्हणजे १/१६ इंच जास्त भरल्या तर चेन बदलायची वेळ झाली. एक सूत जास्त भरली तर फ्रीव्हीलही गेलेलं असतं. चेन लांब असल्यामुळे प्रत्येक कडी कमी वेळा वाकते आणि रेकंबंटची चेन साध्या सायकलपेक्षा सावकाश झिजते. याच कारणाने लोक ती तपासायचं विसरतात आणि शेवटी चेन, फ्रीव्हील, आयडलर तिन्ही एकदम बदलावं लागतं. नवी चेन घातल्यावर मागे लहान चक्रांवर घसरायला लागली तर नव्या चेनला दोष देऊ नका, जुनं फ्रीव्हील झिजलेलं आहे.

लांबी आणि ढिलाई

बूम २५ मिलिमीटर पुढे सरकवला की चेनच्या फेऱ्यात साधारण ५० मिलिमीटर फरक पडतो, कारण जाणारी आणि येणारी अशा दोन्ही बाजू वाढतात. एक कडी १२.७ मिलिमीटरची, म्हणजे चार कड्या. उंच चालकासाठी बूम दहा सेंटिमीटर बाहेर काढला तर सोळा कड्या जास्त लागतात. एवढा फरक डिरेलरची स्प्रिंग भरून काढत नाही.

तपासायचं असं: पुढे मोठं, मागे मोठं चक्र लावून पेडल हाताने फिरवा. डिरेलरचा हात पूर्ण ताणून सरळ होत असेल तर चेन आखूड आहे. या स्थितीत कधीही जोर लावू नका, डिरेलर उपटून चाकात जातो. मग पुढे लहान, मागे लहान. आता परतीची बाजू लोंबत असेल तर चेन लांब आहे, खड्ड्यात झुलून पुढून पडणार. दोन्हीचं एकदम जमत नसेल तर मोठा-मोठा जोड सुरक्षित ठेवा आणि लहान-लहान वापरणं सोडून द्या. दोन वेगळ्या उंचीचे चालक असतील तर क्विक लिंक असलेला मोजून घेतलेला तुकडा पिशवीत ठेवणं हा सोपा उपाय आहे.

नळ्या

नळीचं काम चेनला कपड्यांपासून, मातीपासून वाचवणं आणि झुलू न देणं. चेन वळवण्याचं काम नळीकडून करून घेतलं की घरघर सुरू होते आणि नळीला आतून खाच पडते. नळी सोडवून आत बोट घाला. एकाच बाजूला खाच लागली तर आयडलरची जागा चुकली आहे, नळी बदलून प्रश्न सुटणार नाही.

बारीक गिअरच्या चेनला आतून किमान १२ मिलिमीटरची नळी लागते. त्याहून अरुंद नळीत क्विक लिंक अडते. ठिबक सिंचनाची १६ मिलिमीटरची काळी नळी परतीच्या बाजूला छान चालते आणि गावोगावी मिळते, पण ती मऊ असल्याने ताणाच्या बाजूला लवकर कापली जाते. टोकं उकळत्या पाण्यात मऊ करून निमुळत्या लाकडावर ढकला म्हणजे तोंड कर्ण्यासारखं पसरतं. सरळ कापलेल्या टोकावर कडी अडते आणि तोही ‘टक’ असतो. नळी एकाच टोकाला बांधायची, दुसरं मोकळं. दोन्हीकडे आवळली तर गिअर बदलल्यावर चेन बाजूला सरकू शकत नाही.

याच वेळी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. चेन किंवा नळी पुढच्या टायरला, फोर्कला लागता कामा नये.

आयडलर

बहुतेक दोष इथेच सापडतात, म्हणून जरा हिशेब करू. पेडलवर ६० किलो जोर, क्रँक १७० मिलिमीटर, ४२ दातांच्या चेनव्हीलची त्रिज्या ८५ मिलिमीटर. म्हणजे चेनवर दुप्पट, १२० किलो ताण. आयडलरवर चेन २० अंश वळत असेल तर आयडलरच्या बोल्टवर सुमारे ४२ किलो येतात. ४० अंश वळत असेल तर ८२. पुढे ३० दातांचं चेनव्हील असेल तर चेनचाच ताण १६८ किलोच्या घरात जातो. त्यात रेकंबंटवर पाठीला टेकू असतो, त्यामुळे स्वतःच्या वजनापेक्षा जास्त जोर लावता येतो. साध्या सायकलवर बसून हे इतकं सहज जमत नाही. एका बाजूने धरलेला, पातळ पट्टीवर वेल्ड केलेला बोल्ट एवढ्यात वाकतो, आयडलर तिरका होतो आणि चेन निसटते. जोर सोडला की बोल्ट सरळ होतो, म्हणून स्टँडवर सगळं ठीक दिसतं.

आधी हाताने हलवा. आयडलर डगडगत असेल तर बेअरिंग. साधारण ६०८ नंबरचं असतं: आतून ८, बाहेरून २२, रुंदी ७ मिलिमीटर. एकच बेअरिंग असेल तर नवीन असूनही आयडलर थोडा डुलतो. दोन शेजारी शेजारी बसवा. दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलं घ्या, दुकानात ‘टू-आर-एस’ म्हणून मागायचं. नुसती पत्र्याची झाकण असलेली बेअरिंगं कोकणातल्या किंवा गोव्यातल्या एका पावसाळ्यात गंजून आवाज करू लागतात.

मग बोल्ट. आठ मिलिमीटरचा चालतो, पण दोन्ही टोकांना आधार हवा. एका बाजूचा आधार असेल तर दुसऱ्या बाजूला पट्टी जोडणं ही सगळ्यात उपयोगी सुधारणा आहे. खर्च एका पट्टीचा आणि दोन वेल्डचा.

मग दात. १५ दातांच्या आयडलरवर दोन दातांमध्ये २४ अंश असतात. चेन २० अंशच वळत असेल तर एका वेळी जेमतेम एक दात कामाला येतो. चेनला जागेवर ठेवायला हे पुरत नाही. म्हणून दोन्ही बाजूंना चकत्या पाहिजेतच. १५ दातांच्या चक्राचा पिच व्यास, म्हणजे चेनच्या पिना ज्या वर्तुळावरून जातात त्याचा व्यास, ६१ मिलिमीटर येतो. चकती ७४-७५ मिलिमीटर व्यासाची ठेवा, कडा आतून कानशीने गोल करा. शिवाय चेनच्या वर २-३ मिलिमीटर अंतरावर एक आडवी पिन द्या. खड्ड्यात चेन उडाली तरी ती पिनला लागून परत दातातच बसते. १३ पेक्षा कमी दातांचा आयडलर ताणाच्या बाजूला नको. आवाज आणि झीज दोन्ही वाढतात.

सात गिअरच्या फ्रीव्हीलमध्ये चक्रांमधलं अंतर ५ मिलिमीटर असतं, म्हणजे पहिल्यापासून सातव्यापर्यंत ३० मिलिमीटर. आयडलर मधल्या, चौथ्या चक्राच्या रेषेत हवा. आयडलरपासून फ्रीव्हील मीटरभर लांब असेल तर टोकाच्या गिअरलाही चेन एक अंशापेक्षा कमी तिरकी होते, हा लांब चेनचा फायदा. आयडलर सीटच्या मागे, फ्रीव्हीलपासून हातभरावर असेल तर तो बुशवर आठ-दहा मिलिमीटर बाजूला सरकू द्या.

सरळ रेषा: दोरा आणि ओळंबा

इथपर्यंत काही सापडलं नाही तर बूम फिरला आहे का ते बघा. गोल पाइपात गोल पाइप घालून क्लँपने आवळलेला बूम जोरात पेडल मारताना किंचित फिरतो. डोळ्याला कळत नाही.

सायकल सपाट जागेवर अशी उभी करा की मागचं चाक ओळंब्याला समांतर असेल. आता ओळंबा चेनव्हीलशेजारी सोडा आणि वरच्या व खालच्या कडेपासून दोऱ्याचं अंतर मोजा. ४२ दातांचं चेनव्हील १७० मिलिमीटर व्यासाचं असतं. वर-खाली ३ मिलिमीटर फरक म्हणजे एक अंश तिरकं. दीड मिलिमीटरपर्यंत चालतं. तीनच्या वर गेलं की चेन पुढून पडायला लागते. चेनव्हीलच वाकलं आहे का ते आधी फिरवून बघा, नाहीतर चुकीच्या गोष्टीला दुरुस्त कराल.

बूम जागेवर आणून आवळा आणि जोडावर बूम व मुख्य पाइप दोन्हींवरून जाणारी एक बारीक रेघ कानशीने ओढा. पुढच्या वेळी रेघ जुळली नाही की कारण लगेच कळेल. बूम किमान १०० मिलिमीटर आत हवा आणि क्लँपला एकाऐवजी दोन बोल्ट हवेत. क्लँप आवळता यावा म्हणून पाइपाला दिलेल्या फाकीच्या शेवटी ६ मिलिमीटरचं भोक नसेल तर तिथून चीर जाते. बूमला आरपार भोक पाडून बोल्ट घालण्याचा मोह होतो. ते करू नका, सर्वांत जास्त जोर येतो नेमक्या त्याच जागी पाइप कमजोर होतो. नव्याने बांधत असाल तर बूम चौकोनी पाइपाचा घ्या, म्हणजे फिरण्याचा प्रश्नच राहत नाही.

नंतर चेन काढून चेनव्हीलवरून आयडलरवर आणि तिथून चौथ्या चक्रापर्यंत दोरा ताणा. वरून बघितल्यावर दोरा आयडलरवर मोडता कामा नये. दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे असेल तर वॉशर घालून जमतं.

लवचीकता

दोघांचं काम. एकाने सायकलवर बसून दोन्ही ब्रेक धरायचे आणि उजवं पेडल जोराने ढकलायचं. दुसऱ्याने समोर उभं राहून आधी बूमचं टोक, मग आयडलर बघायचा. आयडलर दोन मिलिमीटरच्या वर सरकला तर त्याची पट्टी मजबूत करा. बूमचं टोक पाच मिलिमीटरच्या वर बाजूला गेलं तर पाइप पातळ आहे किंवा जोड सैल आहे. बोल्ट आवळूनही फरक पडला नाही तर बूम बदलणं हाच इलाज. पट्ट्या जोडत बसल्याने वजन वाढतं, लवचीकता फारशी कमी होत नाही.

इथे थांबा

पुढीलपैकी काहीही दिसलं तर सायकल चालवणं बंद करा आणि जाणकाराकडे न्या.

वेल्डशेजारी रंगात केसासारखी रेघ आणि तिच्यातून गंज उतरलेला असेल तर ती चीर असते. बूम, मुख्य पाइप, फोर्क किंवा हेड ट्यूब, कुठेही असो. चिरीवरून वेल्ड फिरवला की ती झाकली जाते, थांबत नाही. फोर्कच्या बाबतीत दुरुस्तीचा विचारही नको, फोर्क नवीन घ्या. बूम तुटला तर पाय थेट चाकासमोर जमिनीवर येतात.

बॉटम ब्रॅकेटचं कवच (क्रँकचा आस बसतो ती आडवी नळी) वेल्डिंगच्या उष्णतेने वाकडं झालं असेल, त्यात आट्यांनी बसणारा बेअरिंगचा कप अर्ध्यात अडत असेल, तर पान्याला पाइप लावून जोर करू नका. उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, हे आधी आठवा. तरीही अडत असेल तर टॅप मारून (आटे पुन्हा कापून) तोंड सपाट करणारं हत्यार असलेला सायकल मेकॅनिक किंवा लेथवाला गाठा. नवीन वेल्ड करायचा असेल तेव्हा जुने कप कवचात घट्ट बसवून मगच वेल्ड करायला सांगा, म्हणजे कवच कमी वाकडं होतं.

सांगाडा गॅल्व्हनाइज्ड पाइपाचा असेल तर घरी वेल्ड करूच नका. जस्ताचा धूर विषारी असतो. जस्त घासून काढणारा, मोकळ्या हवेत काम करणारा अनुभवी वेल्डर पाहिजे. कुठलाही वेल्ड करताना अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या शेजारी लावायला सांगा. तो लांब लावला तर वीज बेअरिंगमधून जाते आणि ती खराब होतात.

लेथवाल्याकडे आयडलर करायला देताना नुसतं तोंडी सांगू नका. ६०८ ची दोन बेअरिंगं, चेनचा हातभर तुकडा आणि बोल्ट सोबत न्या. कागदावर लिहा: दात १५, जाडी २.१ मिलिमीटर, भोक बेअरिंग ठोकून बसेल असं, चकत्या ७५ मिलिमीटर. दुरुस्ती झाल्यावर पहिले दहा किलोमीटर सपाट रस्त्यावर चालवा, मग आयडलरचा बोल्ट आणि बूमचे क्लँप पुन्हा आवळा आणि कानशीची रेघ जुळते का ते बघा.